कुत्र्याचं अंथरूण

कुत्रं खाजवायला लागलं की आमच्या गावात आधी काठी शोधत, मग औषध शोधत, आणि कुत्र्याकडे नीट बघायचं कुणाच्या लक्षात राहिलंच तर ते सगळ्यात शेवटी. हे मी रागानं लिहिते आहे. त्या गोष्टीला एक आयुष्य उलटलं, त्यातली बहुतेक माणसं गेली, ज्या शिवारात ती घडली तिथे आज माणूस चालायला जागा नाही. तरी राग गेला नाही आणि जावा असं मला वाटतही नाही.

एकोणीसशे पन्नास साल उलटून गेल्यावरची गोष्ट. माझं माहेर चाकणच्या वरच्या अंगाला, मेंढरांचं. तिथून लग्न होऊन मी पवनेकाठी पिंपळे गुरवच्या बाजूला आले. सासरी कांदा, जोंधळा, थोडी शेरडं आणि एक तांबडा कुत्रा. घरात माणसं तशी मोजकीच. सासरे, म्हणजे मामंजी. सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणे. आणि आमचे हे. भिंतीला भिंत लागून चुलतदिरांचं घर. ते अंगानं पैलवान आणि डोक्यानं बैल, असं आत्याबाईच म्हणत, मी पदरचं काही घालत नाही.

कुत्र्याला नाव नव्हतं. 'यू यू' म्हटलं की येई, 'छो' म्हटलं की जाई, 'हाड' म्हटलं की बाजूला होई. आणि मामंजींनी 'बस' म्हटलं की असेल तिथे बसे. हे शेवटचं त्यांनी स्वतः शिकवलं होतं. त्यांची सगळी हयात बैलांना वळण लावण्यात गेलेली, त्यामुळे चार पायांच्या प्राण्यानं ऐकलंच पाहिजे असा त्यांचा कायदा होता. दोन पायांच्यांनाही तोच कायदा लागू होता, पण ते सोडा.

एका हिवाळ्यात दिवस मावळताना गोठ्यात लांडगा शिरला. शेरडांनी कल्ला केला आणि आम्ही धावलो, तोवर कुत्र्यानं लांडग्याचा गळा धरला होता. दोघं गव्हाणीखाली गुरगुरत लोळत होते, कोण वर आणि कोण खाली ते कळत नव्हतं. लांडग्यानं त्याचा खांदा हाडापर्यंत फाडला, तरी ह्यानं गळा सोडला नाही. मामंजी कुऱ्हाड घेऊन आले आणि त्यांनी लांडग्याच्या पाठीत दोन घाव घातले. रक्त माझ्या लुगड्यावर उडालं. लांडगा मेल्यावरही कुत्र्याचे दात सुटेनात. शेवटी मामंजी त्याच्या कानाशी वाकून 'बस' म्हणाले, तेव्हा त्यानं तोंड उघडलं आणि तो तिथेच रक्तात बसला.

मग काय, कुत्रा घरचा सरदार झाला. आमचं कुलदैवत खंडोबा, कुत्रा म्हणजे देवाचं वाहन. आत्याबाईंनी जखमेत देव्हाऱ्यातला भंडारा दाबून भरला. रोज तुपात चुरलेली भाकरी मिळू लागली. खांदा आठ-पंधरा दिवसांत भरत आला, पण तो लंगडत होता, आणि थंडी अशी होती की सकाळी हौदाच्या पाण्यात हात घालवत नसे. त्याला अंथरूण करायचं मामंजींच्याच मनात आलं.

आमचे हे तेव्हा पिंपरीच्या माळावर एका कारखान्याचं बांधकाम चाललं होतं तिथे ठेकेदाराकडे जात. वाफेच्या नळांना एक तऱ्हेचा कापूस गुंडाळायचा आणि वरून तारेनं आवळायचं, असं काम. तो कापूस पिवळसर, हलका, हाताला मऊ लागणारा. उन्हात धरला तर बारीक चमके. कापून उरलेले तुकडे तिथे फेकून देत, ते आणले तर कुणी हटकत नसे. ह्यांनी एक पोतंभर आणला होता. आत्याबाईंच्या मनात त्याची मामंजींसाठी गादी करायची होती. मामंजी म्हणाले, आधी त्याला द्या, त्यानं घर राखलंय. मग तरटाच्या विरविरीत पोत्यात तो कापूस भरला, आत्याबाईंनी दाभणानं तोंड शिवलं आणि दाराशी कुत्र्याचं अंथरूण पडलं. गावातले लोक बघून गेले. नशीब काढलं कुत्र्यानं, असं म्हणाले.

दोन-तीन दिवसांत कुत्रा खाजवू लागला.

आधी मागच्या पायानं पोट, मग जांघा, मग काखा. पंजाच्या बेचक्यात दात घालून कुरतडत बसे. थुंकीनं केस ओले होत, लाल होत, गळून पडत. रात्री त्याच्या नखांचा आवाज घरात येई. आठवड्याभरात पोट आग्या उठल्यासारखं लालभडक होऊन सोललं. आणि एक गोष्ट त्यानं पहिल्यापासून केली होती: तो अंथरुणावरून उठून गार जमिनीवर जाऊन पडे. मामंजींना त्याचा राग आला. लाड केले तर माजलं, म्हणाले. हातात काठी घेऊन त्यांनी त्याला परत पोत्यावर नेलं आणि 'बस' म्हटलं. तो बसला. ते आत गेले की उठला. मग त्यांनी साखळी आखूड करून खुंटीला अशी बांधली की पोत्याखेरीज त्याला जागाच उरली नाही.

खाज का सुटली याबद्दल ज्याला त्याला आपापली खात्री होती. आत्याबाई म्हणाल्या, कुत्र्याला तूप पचत नाही, झडायचंच. हे तूप त्यांनीच चारलं होतं, पण दोष माझ्याकडे आला, कारण भाकरी मी चुरत होते. चुलतदीर म्हणाले, लांडग्याची लूत चिकटली. मामंजी म्हणाले, काही नाही, खोड आहे, खोड मोडली की खाज जाईल.

मला यातलं थोडं कळत होतं. माहेरी मेंढरांमागं कुत्री होती आणि माझ्या बापानं आम्हा पोरींना त्यांच्या अंगावरून हात फिरवायला शिकवलं होतं. गोचीड कानात आणि मानेच्या घडीत बसतो. पिसवा झाल्या तर कुत्रं शेपटीच्या मुळाशी चावतं. लूत कानाच्या कडांपासून आणि कोपरांपासून सुरू होते, तिथे खवले धरतात. म्हणजे खाज कुठे सुटली ते आधी बघायचं, ती कशानं सुटली ते मग जागाच सांगते. मी आत्याबाईंना एवढंच म्हटलं की एकदा त्याला उताणा करून बघू द्या. त्या म्हणाल्या, ही काय तुझ्या माहेरची मेंढरं नव्हेत, घरात पुरुष आहेत. घुंगटातली सून पुरुषांच्या कामात बोट घालत नसे, मी चुलीकडे वळले.

मग पुरुषांनी औषध सुरू केलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, ते मी डोळ्यांनी पाहिलं. पहिल्यांदा तंबाखू उकळून ते पाणी अंगावर ओतलं. कुत्र्यानं ते चाटलं, तोंडाला फेस आला आणि दिवसभर ओकत राहिला. मग चुलतदिरांनी बांधकामावरच्या ट्रकमधून जळकं ऑइल आणून त्याला काळा केला. त्याला घासून धुवायचं म्हणून नदीवर नेलं, गळ्यात दोर बांधून डोहात ढकललं आणि वर येऊ लागला की काठीनं परत खाली दाबलं. तरी खाज तशीच. मग कुणीतरी बिब्बा सांगितला. बिब्ब्याचं तेल माणसाच्या धडधाकट कातडीला लागलं तर फोड येतात. पुरुषांनी ते सोललेल्या पोटाला चोळलं. त्या दिवशी त्यानं जो आवाज काढला तो मी लांडग्याच्या झटापटीतही ऐकला नव्हता. शेवटी डाग द्यायचं ठरलं. चुलतदिरांनी मानेवर गुडघा रोवला, मामंजींनी चुलीतून लाल झालेला विळा काढला आणि दोन्ही मांड्यांवर एकेक टेकवला. जळक्या केसांचा वास भाकऱ्यांना लागला. त्या दिवशी मी जेवले नाही, आणि मी जेवले नाही हे कुणाला कळलंही नाही.

आणि प्रत्येक औषधानंतर, हे मला अजून सहन होत नाही, प्रत्येक औषधानंतर त्याला मायेनं परत त्याच पोत्यावर नेऊन बांधत. मामंजी त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणत, पड आता, आराम कर. त्यांचं प्रेम खोटं नव्हतं. खोटं असतं तर कुत्रा लवकर सुटला असता.

एका सकाळी पुरुष कांद्यात गेले आणि आत्याबाईंनी मला ते पोतं उन्हात घालून झोडपायला सांगितलं, कारण तेलानं आणि रक्तानं घाण वास येत होता. मी पोतं कुंपणावर टाकलं आणि बडवण्यानं बडवू लागले. प्रत्येक फटक्याला तरटाच्या विणीतून बारीक चमचम उडे. थोड्या वेळानं माझ्या मनगटांना टोचू लागलं. मग मान, मग चोळीच्या आत. खाजवलं तर आणखी आत रुतलं. पाणी ओतलं तरी जाईना. हात उन्हात धरला तर कातडीवर कुसळं उभी होती, काचेची, केसाहून बारीक.

मला ते ओरखडे ओळखीचे होते. आमच्या ह्यांच्या मनगटांवर आणि गळ्यावर ते रोज संध्याकाळी असत. कामावरून आले की ते खोबरेल लावून घेत आणि म्हणत, कामाची खाज आहे, सगळ्यांनाच होते, मनगटाला चिंधी बांधली की चालतं.

मी कुत्र्याकडे गेले, त्याला आडवा केला आणि पहिल्यांदा त्याचं पोट नीट बघितलं. कानांच्या कडा स्वच्छ. कोपरांना खवले नाहीत. शेपटीच्या मुळाशी केस दाट. सोललेलं होतं ते सगळं पोत्याला टेकणारं: पोट, जांघा, काखा, पंजांच्या बेचक्या, हनुवटी. पाठ आणि मांड्यांची बाहेरची बाजू, काठीचे वळ आणि डाग सोडले तर, शाबूत होती. तो माझा हात चाटत होता. 

मी आत जाऊन आत्याबाईंना सांगितलं, काच आहे ती, ते पोतं फेकून द्या. त्यांनी माझे हात पाहिले, घाबरल्याही, पण म्हणाल्या, त्यांना येऊ दे, त्यांनी ठेवलंय. मी कुत्र्याला साखळीतून सोडवून सावलीत गार जमिनीवर बसवलं.

दुपारी पुरुष आले. मी तोंड उघडायच्या आत मामंजींनी कुत्रा मोकळा पाहिला. मी बोलले, पण ते ऐकत नव्हते. त्यांनी कुंपणावरचं पोतं ओढून जागेवर टाकलं, साखळी अडकवली आणि म्हणाले, बस. कुत्रा उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या शब्दाला तो उभा राहिला. मामंजींनी काठी मारली. तो थरथरत राहिला पण बसला नाही. दुसरी काठी तोंडावर बसली. मग त्यांनी काठी टाकली आणि मानगूट धरून त्याला खाली दाबलं, आणि तो वळला आणि त्यांच्या हाताला कडाडून चावला. अंगठ्याखालचं मांस उघडं पडलं. चावला, लगेच सोडलं, आणि मग आपण होऊन पोत्यावर बसला.

"पिसाळलं!" चुलतदीर ओरडले.

हा शब्द आमच्याकडे आगीसारखा पळे. भिंतीवरून, परसातून, खालच्या आळीपर्यंत क्षणात गेला. माणसं काठ्या, बैलांना टोचायच्या पराण्या, धोंडे घेऊन बाहेर पडली. मार खाऊन कुत्र्याच्या तोंडाला फेस आला होताच, तो पुरावा झाला. चुलतदिरांनी कुऱ्हाड उचलली. आत्याबाई आडव्या आल्या, पण त्याला वाचवायला नव्हे. दारात नको, देवाचं वाहन आहे, वेशीबाहेर न्या, असं म्हणाल्या. म्हणून त्याला साखळीनं फरफटत कुंपणाच्या तोंडाशी नेला. त्याचे पाय जमिनीत रुतत होते, मागे रेघ उठत होती.

मी पोत्याची शिवण दातांनी फाडली, मूठभर कापूस काढला आणि धावले. पदर कुठे पडला मला माहीत नाही. चुलतदीर कुऱ्हाड सरसावून उभे होते, मी मागून त्यांच्या मानेला तो कापूस घासला, बंडीच्या आत कोंबला आणि दोन्ही हातांनी चोळला.

"घ्या भावजी," मी म्हटलं. "आता खाजवू नका."

त्यांनी वळून माझ्या थोबाडीत मारली. माझा ओठ फुटला. मी तिथून हलले नाही. म्हटलं, मारा, पण खाजवायचं नाही. सगळी माणसं थांबली, कारण सून दिराच्या अंगाला हात लावते हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आणि मग दिरांचा हात मानेवर गेला. मग दुसरा गेला. कुऱ्हाड खाली पडली. ते बंडी उतरवून दोन्ही हातांनी पाठ ओरबाडू लागले, शिव्या देऊ लागले, शेवटी कुडाच्या मेढीला पाठ घासू लागले. कुणीतरी हसलं. मी रक्त पुसून म्हटलं, कुत्र्याला ह्याच कापसावर झोपवलंत तुम्ही, आणि मग डाग दिलेत.

 मामंजींच्या हाताचं रक्त कोपरापर्यंत आलं होतं. त्यांनी खाली पडलेला कापूस उचलला आणि चांगल्या हाताच्या आतल्या बाजूला हळूहळू घासला.  मग म्हणाले, सोडा त्याला.

साखळी निघाली आणि कुत्रा पळाला. घराकडे नाही, ओढ्याकडे, चिखलाकडे. मला वाटतं त्याला फक्त गार जागा हवी होती. पण ओढ्याची वाट खालच्या आळीतून जात होती आणि तिथल्या माणसांना नुसता पहिला शब्द पोचला होता. कापूस, काच, माझा ओठ, यातलं काही त्यांना माहीत नव्हतं. मामंजी ओरडत त्याच्यामागं पळाले, मीही पळाले, पण लुगड्यात पाय अडकून बांधावर पडले. उठून पोचले तेव्हा धोंडे चालू होते. पहिला मी पाहिला नाही. मी पाहिलं ते एवढंच की कुत्रा वाटेच्या मधोमध होता, आणि पळत नव्हता, अंग चोरत नव्हता, बसलेला होता. एक धोंडा डोक्यात बसला आणि तो कलंडला. मग पराणी घेऊन दोघं पुढे झाले. मामंजी त्यांच्या अंगावर पडून ओरडत होते, पण तोवर झालं होतं.

संध्याकाळी आमचे हे कामावरून आले. मी त्यांना घरात येऊ दिलं नाही, उंबऱ्यावरच मनगटं धरली आणि विचारलं, तुम्हाला रोज खाजतं, मग कळलं कसं नाही? ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, यांचं तर रोज जळत होतं. 

"आमाला खाजतं ते कामाचं," ते म्हणाले. "कुत्र्याला तेच खाजंल, असं मनात आलं न्हाई."

मी त्यांची मनगटं सोडली. दुसऱ्या दिवशी चिंध्या बांधून ते कामावर गेले. मामंजींनी खड्डा खणून ते पोतं पुरलं, कारण ते जळेना.

मामंजींना पुण्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, कुत्रं जिवंत आहे का? जिवंत असतं तर बांधून लक्ष ठेवता आलं असतं, आणि ते ठणठणीत राहिलं तर सुया थांबवल्या असत्या. ते पिसाळलेलं नव्हतं हे आम्ही सगळे सांगत होतो, पण आमच्या सांगण्याला काय किंमत? मग पोटात सुया सुरू झाल्या. मामंजी रोज जात, येत आणि पडून राहत. पोट सुजून दगड झालं होतं. सुयांच्या जागा खाजत, आणि खाजवायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी शेकायला गरम फडकं नेऊन देत असे. मला त्यांची दया येत नव्हती. खोटं कशाला लिहू, मला वाटे, भोगा आता.

शेवटच्या सुया राहिल्या असतील. मी फडकं ठेवून उठत होते, तेव्हा त्यांनी मला थांबवलं. ते माझ्याशी असं समोरासमोर कधी बोलत नसत. बोलतानाही ते आढ्याकडे बघत होते.

"वड्यापत्तुर पोचला व्हता, सूनबाई. आनी दोन उड्यांत पल्याड झाला असता. धोंडं लागत नव्हतं त्याला. मी मारू नका, मारू नका म्हनत व्हतो, कुनी ऐकना. मला वाटलं, ही थांबत न्हाईत तर त्यालाच थांबवावं, म्हंजी मला गाठता यील. मी बस म्हनलं."

मी फडकं हातात धरून उभी होते.

"बसला त्यो," मामंजी म्हणाले.